शुक्रवार रात्र, ह्यूम, मँचेस्टर

मंडळी, आपला शुक्रवार म्हणजे रिलीज, आणि जमलंच तर पार्टी. मे 1978 मध्ये मँचेस्टरच्या ह्यूम भागात शुक्रवारी वेगळंच काही शिजत होतं. टोनी विल्सन आणि ॲलन इरॅस्मस यांनी रसेल क्लब या साध्याशा जागेत 'द फॅक्टरी' नावाने पोस्ट-पंकच्या मैफली सुरू केल्या. पीटर सॅव्हिलचं पोस्टर पुढे गाजलं, पण आलं मात्र उशिरा. डेडलाइन फक्त आपणच चुकवतो असं नाही!

2 जूनला शेफील्डचे कॅबरे व्होल्टेअर वाजवून गेले, 9 जूनला जॉय डिव्हिजन. त्यातला बर्नार्ड समनर आपल्याच जातकुळीतला: ट्रान्सेंडेंट 2000 हा सिंथ त्याने किट आणून स्वतः जोडला.

18 मे 1980 ला, अमेरिका दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, गायक इयन कर्टिसने आत्महत्या केली. वय अवघं 23. उरलेले तिघे थांबले नाहीत. 'न्यू ऑर्डर' या नावाने ते सिंथ आणि ड्रम मशीनकडे वळले, आणि 1983 मध्ये 'ब्लू मंडे' आलं.

मला विचाराल तर याचं श्रेय त्या छोट्या जागेलाही आहे. फसलं तरी तिथे फार काही बुडत नाही, म्हणून तर माणूस नवीन काही करून बघतो.