तलाव कोणाचा?

समुद्राच्या आधाराने टिकाऊ अर्थव्यवस्था कशी उभारावी, याची चर्चा आज जगभरच्या किनारी प्रदेशांत चालू आहे. मासळीतून, वाहतुकीतून माणसाला रोजगार मिळावा, पण समुद्राची उत्पादकता घटू नये, हा त्या चर्चेचा गाभा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखातल्या शिक्षकाला हा विषय परका वाटेल. परंतु पाण्यावर जगायचे आणि पाणीही जगवायचे, हा प्रश्न या मुलखाने शतकानुशतके हाताळला आहे. त्याची साक्ष गावोगावचे तलाव देतात.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा-सात हजार तलाव आहेत. येथे पाऊस भरपूर, पण तो चारच महिन्यांत पडतो. धान लोंबीवर येते त्या सुमारास पावसाने दडी मारली की पीक हातचे जाते. म्हणून उताराला आडवी मातीची पाळ घालून पाणी अडवण्याची रीत पडली. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जाई. शेतातली लहान बोडीही याच साखळीतली.

या बांधकामाला गोंड राजांनी उत्तेजन दिले. तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका भागाचे आणि परिसरातल्या काही गावांचे हे नाव आजही टिकून आहे. तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाला गोंड राजाने काशीहून आणले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यामागचे तत्त्व महत्त्वाचे आहे. ज्याने पाणी अडवावे, त्यालाच त्याचा लाभ मिळावा आणि लाभ घेणाऱ्यानेच पाळ राखावी.

इंग्रजी अमलात, 1860 नंतरच्या काळात, महसूल भरणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. तलावही त्यांच्याकडे गेले. ही व्यवस्था समतेची नव्हती. पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या ढिवराच्या हाती तलावाचा कारभार कधीच नव्हता. तरीही तलाव फुटला तर मालगुजाराचेच धान बुडत असे, म्हणून दुरुस्ती होत राहिली.

1950 च्या कायद्याने, 1951 पासून, मालगुजारी संपली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव शासनाचे झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा’ तलाव हे नाव पडले. जमीनदारी जाणे न्याय्यच होते. पण तलावाची जबाबदारी गावाकडे आली नाही, ती कार्यालयाकडे गेली. ज्याच्या ताटात तलावाचे धान आणि मासळी पडत होती, त्याच्या हाती पाळीचा निर्णय उरला नाही. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली.

मासळीची कथाही अशीच आहे. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मरळ, मागूर यांसारखे स्थानिक मासे उथळ पाण्यात, धानाच्या बांध्यांत शिरतात आणि तेथेच त्यांची वीण होते. रोहू व कटला मात्र साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंतःस्रावी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींची वीण घडवून आणली. हे संशोधन मोठेच होते आणि त्याने तलावांतले उत्पन्न वाढले. पण बीज वारंवार विकत आणावे लागू लागले. मुद्दल घरातच वाढवणारी शेती आणि मुद्दल दर वेळी उसने आणणारी शेती, यांतला हा फरक आहे.

अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांच्या संस्थांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने, बेशरम उपटून तलावात स्थानिक पाणवनस्पती लावल्या. पाणवनस्पतींत माशांना खाद्य, आडोसा आणि अंडी घालायला जागा मिळते. म्हणूनच गाळ काढताना सगळा तलाव एकसारखा खोल खणून चालत नाही. काठचा उथळ पट्टा राखावा लागतो. 2017 च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेसारख्या कामांत ही गोष्ट यंत्रचालकाला सांगणारे कोणी गावचे हवे.

2006 च्या वनहक्क कायद्याने वनक्षेत्रातल्या जलाशयांतील मासळीवर गावसमाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून ते गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. बांबूचे जे झाले ते तलावाचेही होऊ शकते. मात्र या वेळी जुन्या मालगुजाराची जागा नव्या ठेकेदाराने घेता कामा नये. ढिवराचा आणि धानकऱ्याचा वाटा ग्रामसभेत ठरला पाहिजे.

विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या तलावाची पाहणी करायला सांगावी. पाळ कोठे झिरपते, कोणते मासे मिळतात, कोणते मिळेनासे झाले, हे वृद्धांना विचारून नोंदवावे. गावाच्या निस्तार पत्रकात तलावावरचे हक्क कसे लिहिले आहेत, तेही पाहावे. तलावाचे कोण खातो आणि तलावाचे कोण करतो, अशा दोन याद्या करून शेजारी ठेवाव्यात. जेथे त्या दोन्ही याद्यांत तीच नावे येतील, तेथे तलाव टिकेल. किनाऱ्यावरच्या समुद्रालाही हीच कसोटी लावता येते.