मांजराच्या तावडीतून सुटलेलं पिल्लू कसं वाचवायचं?

घार, मुंगूस किंवा मांजराच्या तावडीतून सुटलेलं कोंबडीचं पिल्लू वरून ठीक दिसलं, तरी धोका टळलेला नसतो. जखम लहान असली तरी धक्का आणि गारठ्यानेच ते दगावू शकतं. म्हणून आधी ऊब. खोक्यात सुती कापड अंथरून एका कोपऱ्यावर बल्ब लावावा. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. दुसरा कोपरा थंड ठेवावा, जागा ते स्वतःच निवडतं.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावं, मग जखम सलाइनने धुवावी. पिसांखाली दातांची बारीक छिद्रं शोधावीत. मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला जिवाणू तिथूनच आत शिरतात आणि एक-दोन दिवसांत पिल्लू मरू शकतं. इथे हळद पुरत नाही; अँटिबायोटिक लागतं, तेही पशुवैद्याने ठरवलेलं. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर मदत मागता येते.

पाणी चोचीत ओतू नये, श्वासनलिकेत जातं; चोचीच्या कडेला थेंब लावावा. आणि जखम भरेपर्यंत त्याला वेगळंच ठेवावं. रक्त दिसलं की बाकीची पिल्लं नेमकी तिथेच टोचतात.