एका देशाचं वजन उतरलं, आणि पुन्हा चढलं

"डॉक्टर, वजन कमी करायचंय, काहीतरी सांगा," हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं. त्यावर आम्ही डॉक्टर बहुतेक वेळा समोरच्या एका माणसाशी बोलतो. इतकं चाला, हे खा, ते टाळा. पण अख्ख्या गावाचं किंवा अख्ख्या देशाचं वजन कमी झालं तर काय होईल? तिथला मधुमेह आणि हृदयविकार खरोखर कमी होतो का?

असा प्रयोग मुद्दाम कोणी करणार नाही. लाखो लोकांचं अन्न निम्म्यावर आणा आणि त्यांना रोज पायपीट करायला लावा, असं कोणता शास्त्रज्ञ म्हणेल? इतिहासात मात्र हे घडलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. त्या इतिहासातून आपल्या ताटाबद्दल आणि आपल्या पायांबद्दल बरंच शिकण्यासारखं आहे, म्हणून आजचा हा लेख.

पॅरिसचा वेढा

सप्टेंबर १८७० ते जानेवारी १८७१ या काळात प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला होता. शहरात अन्न येणं बंद झालं, पाव मोजून मिळू लागला. त्या वेळी पॅरिसमध्ये अपोलिनेर बुशार्दा नावाचे वैद्यकतज्ज्ञ मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करत होते. इन्सुलिनचा शोध लागायला अजून पन्नास वर्षं होती, गोळ्याही नव्हत्या. बुशार्दांच्या लक्षात आलं, की खाणं कमी झाल्यावर त्यांच्या काही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली आहे.

बुशार्दा पथ्याबरोबर व्यायामाचाही आग्रह धरत. आज "डाएट आणि एक्सरसाइज" हे शब्द ऐकून आपल्याला वाटतं की ही नवी फॅशन आहे. प्रत्यक्षात हा सल्ला दीडशे वर्षांचा आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेवर जर्मनीचा ताबा होता (१९४० ते १९४५). लोणी, मांस, अंडी यांचं रेशनिंग झालं. लोक मासे, बटाटे आणि भाज्यांवर राहू लागले. त्या वर्षांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू घटले. युद्ध संपलं, लोणी परत आलं, आणि मृत्यूही पुन्हा वाढले.

ही निरीक्षणं महत्त्वाची होती, पण त्यांच्याबरोबर लोकांची वजनं, चालणं आणि आजार यांच्या सविस्तर नोंदी नव्हत्या. तशा नोंदी मिळाल्या त्या क्यूबामध्ये.

तेल थांबलं, सायकली आल्या

क्यूबा हा कॅरिबियन समुद्रातला बेटांचा देश. तिथली साखर सोव्हिएत संघाला जायची आणि तिथून तेल यायचं. अमेरिकेनं १९६२पासून व्यापारबंदी घातलेली होती, त्यामुळे देशाचा सगळा भार सोव्हिएत मदतीवर. १९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तेल जवळपास बंद झालं. ट्रॅक्टर थांबले, बस थांबल्या, वीज तासन्‌तास जाऊ लागली. सरकारनं या काळाला "शांततेच्या काळातला विशेष कालखंड" असं नाव दिलं होतं.

बस नाहीत, मग माणसं कामावर जाणार कशी? सरकारनं चीनमधून दहा लाखांहून जास्त सायकली आणल्या. ज्यांना सायकल मिळाली नाही ते चालत निघाले. शेतात ट्रॅक्टरऐवजी बैल आणि हातानं काम सुरू झालं. शहरांतल्या रिकाम्या जागांवर भाज्या पिकू लागल्या.

पुढे संशोधक मान्वेल फ्रांको आणि त्यांच्या क्यूबन सहकाऱ्यांनी या काळातले आकडे गोळा केले. ते नीट पाहा:

- माणशी रोजचं खाणं सुमारे २,८९९ कॅलरींवरून १,८६३ कॅलरींवर आलं.
- शारीरिक हालचाल पुरेशी असलेल्या प्रौढांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेलं.
- लठ्ठ व्यक्तींचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर आलं.

सिएनफुएगोस या शहरातल्या पाहणीत लोकांचं वजन पाच वर्षांत सरासरी साडेपाच किलोनं घटलेलं दिसलं. तुम्ही म्हणाल, साडेपाच किलो म्हणजे काय मोठंसं! एका माणसाच्या दृष्टीनं ते थोडंच आहे. पण सगळ्या समाजाचं वजन तेवढं सरकलं की काय होतं ते पुढे बघा.

१९९७ ते २००२ या काळात क्यूबात मधुमेहानं होणारे मृत्यू ५१ टक्क्यांनी, हृदयविकारानं होणारे ३५ टक्क्यांनी आणि पक्षाघातानं होणारे २० टक्क्यांनी घटले. याचं सगळं श्रेय वजनाला देता येणार नाही. त्या काळात सिगारेटीही कमी ओढल्या गेल्या, आणि क्यूबाची सरकारी आरोग्यसेवा आधीपासूनच गावोगाव पोचलेली होती. तरीही वजन आधी घटलं आणि मृत्यू मागोमाग घटले, हा क्रम दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

शरीरात काय होतं?

गरजेपेक्षा जास्त खाल्लं की उरलेली ऊर्जा चरबी होऊन साठते. ही चरबी फक्त कातडीखाली राहत नाही, ती यकृतात आणि पोटातल्या अवयवांभोवतीही बसते. तिथे ती बसली की इन्सुलिनचं काम नीट चालत नाही आणि रक्तातली साखर वाढू लागते. वजन उतरताना ही आतली चरबी लवकर कमी होते, म्हणून थोडे किलो घटले तरी फायदा मोठा दिसतो.

व्यायामाचा उपयोग आणखी वेगळा आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्या वेळी त्याला इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. म्हणून काटा हलला नाही तरी चालण्याचा फायदा होतोच.

मग उपाशी राहायचं का?

नाही! क्यूबाच्या गोष्टीचा हा भाग बरेच जण सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

१९९१च्या अखेरीपासून क्यूबात एक विचित्र साथ सुरू झाली. लोकांची दृष्टी धूसर होऊ लागली, रंग ओळखू येईनात, पायांना मुंग्या आणि जळजळ. १९९३पर्यंत ५० हजारांहून जास्त लोकांना हा त्रास झाला. तो संसर्ग नव्हता. ताटात साखर होती, पण प्रथिनं आणि बी गटातली जीवनसत्त्वं फारच कमी होती. त्यात अंगमेहनत वाढलेली. सिगार, सिगारेट आणि दारू घेणाऱ्यांना धोका जास्त होता. डोळ्यांच्या आणि हातापायांच्या नसा त्यानं दुखावल्या. लहान मुलं आणि गरोदर बायकांना जादा रेशन मिळत होतं, आणि त्यांच्यात हा आजार फारसा दिसला नाही. १९९३मध्ये सरकारनं सगळ्या जनतेला जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्या आणि साथ ओसरली. त्या टंचाईत वयस्कर लोकांमधले मृत्यूही थोडे वाढले होते.

म्हणजे एकाच देशात, एकाच वेळी, कमी खाण्यानं काहींचा मधुमेह आटोक्यात आला आणि काहींची नजर गेली. कॅलरी कमी होणं आणि आहार संतुलित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "महिन्यात दहा किलो" अशा जाहिराती बघून जे फक्त रसावर किंवा एकाच पदार्थावर राहतात, त्यांनी ही साथ लक्षात ठेवावी.

वजन परत आलं

१९९५नंतर क्यूबाची परिस्थिती हळूहळू सुधारली. ताटात पुन्हा भर पडली, बस सुरू झाल्या, सायकली मागे पडल्या. आणि वजन? २०१०पर्यंत लोकांनी गमावलेलं सगळं वजन परत मिळवलं, वर आणखी भर घातली. लठ्ठपणाचं प्रमाण १९९५च्या जवळपास तिप्पट झालं. मधुमेहाचे रुग्ण दुपटीहून जास्त वाढले. मधुमेहानं होणारे मृत्यू २००२नंतर पुन्हा चढले आणि संकटाच्या आधीच्या पातळीला पोचले.

यात लोकांचा दोष नाही. टंचाई होती म्हणून ते कमी खात होते, बस नव्हती म्हणून सायकल चालवत होते. कारण गेलं, सवय गेली. जे संकटानं लादलेलं असतं ते संकटाबरोबरच जातं.

संकटाशिवाय जमतं का?

इतिहासाचं याला होकारार्थी उत्तर आहे. गंमत म्हणजे ते एका तेलाच्या शहरातून आलं. ईशान्य चीनमधलं दाचिंग हे शहर तेलविहिरींमुळे वसलं. तिथे १९८६मध्ये १ लाख १० हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाली आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५७७ जण निवडले गेले. शहरातल्या ३३ दवाखान्यांची वाटणी केली. काही दवाखान्यांत आहाराचा सल्ला, काहींत व्यायामाचा, काहींत दोन्ही, आणि काहींत नेहमीची माहिती.

व्यायाम म्हणजे काय सांगितलं होतं? रोज अर्धा तास सावकाश चालणं किंवा वीस मिनिटं भरभर चालणं, निदान एवढी वाढ. जिम नाही, यंत्रं नाहीत. सहा वर्षांनी पाहिलं तर नेहमीची माहिती मिळालेल्या गटात सुमारे ६८ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, बाकी गटांत ४१ ते ४६ टक्क्यांना. संशोधकांनी या लोकांचा ३० वर्षं पाठपुरावा केला. ज्यांनी सहा वर्षं पथ्य-व्यायाम केला, त्यांचा मधुमेह सरासरी जवळपास चार वर्षं लांबला, हृदयविकार आणि पक्षाघातासारखे प्रसंग २६ टक्क्यांनी कमी झाले, आणि आयुष्य सुमारे दीड वर्षानं वाढलं.

"ते चीनमधलं, आपल्याकडे कुठे जमणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी चेन्नईचा अभ्यास आहे. तो २००६मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ भारतीय त्यात होते, बहुतेक नोकरदार मध्यमवर्गीय. रोज अर्धा तास भरभर चालणं, साखर, मैदा आणि तेल-तूप कमी, चोथा जास्त, एवढाच सल्ला. तीन वर्षांत सल्ला न मिळालेल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, सल्ला पाळणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. आणि त्यांचं वजन फारसं घटलंही नव्हतं!

तुम्ही काय कराल?

आधी स्वतःला मोजा. भारतीयांसाठी बीएमआय २३च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवी. हात-पाय बारीक आणि पोट पुढे, अशी आपल्याकडची ठेवण आहे, तेव्हा नुसत्या काट्यावर विश्वास ठेवू नका.

ताटात भाजी, कोशिंबीर आणि उसळ वाढवा, भात-पोळी त्या मानानं कमी करा. वरण, मोड आलेली कडधान्यं, दही, अंडी, मासे यांतलं तुमच्या घरी चालतं ते रोज असू द्या. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण तीन भाकऱ्या आणि चमचाभर भाजी हे संतुलन नव्हे. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल, तर बी१२ तपासून घ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचं, हे एकट्यानं करू नका. क्यूबात वजन उतरलं कारण सगळ्यांच्या रोजच्या जगण्याची रचना बदलली. ती लादलेली होती म्हणून टिकली नाही. आपल्याला ती आपल्या मर्जीनं बदलता येते. सोसायटीच्या मीटिंगला वडे-समोशांऐवजी फळं आणि चणे ठेवणं, मुलांना शाळेत चालत किंवा सायकलनं पाठवता येईल असा सुरक्षित रस्ता नगरसेवकाकडे मागणं, जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून वीस मिनिटं फेरी मारणं, ऑफिसातल्या प्रत्येक वाढदिवसाला केक कापलाच पाहिजे हा नियम मोडणं. यातली एक गोष्ट या आठवड्यात सुरू करा, आणि शेजाऱ्यालाही बरोबर घ्या.

चालत राहा, पोटभर पण नीट खा, आणि निरोगी राहा.