औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र : वऱ्हाडातील व्यवसायक्षेत्र

औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र ही मानसशास्त्राची उपयोजित शाखा असून, कामाच्या ठिकाणी माणूस कसा वागतो, कशामुळे टिकतो व कशाने थकतो, तसेच त्याची निवड, प्रशिक्षण आणि कामाची मांडणी कशी करावी, याचा ती शास्त्रीय अभ्यास करते. अमरावती व अकोला जिल्ह्यांत या शाखेचे काम प्रामुख्याने कामगार कल्याण अधिकारी, मनुष्यबळ अधिकारी, प्रशिक्षक किंवा समुपदेशक या पदनामांखाली चालते.

ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांचा औद्योगिक कार्यक्षमतेवरील ग्रंथ १९१३ मध्ये इंग्रजीत आला आणि १९२४ ते १९३२ या काळातील शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांनी कामगारांच्या परस्परसंबंधांकडे लक्ष वेधले. भारतात या शाखेची पायाभरणी मुख्यतः कापडगिरण्यांत झाली. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी यांनी मानसशास्त्र विभाग सांभाळला, तर कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये मागांचा एकेक संच विणकरांच्या छोट्या गटाकडे सोपवला, तेव्हा उत्पादन वाढले व खराब निघणारे कापड घटले. पुढे १९७५ च्या सुमारास उदय पारीक व टी. व्ही. राव या मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रो कंपनीत मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली.

कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला हा वारसा जवळचा आहे. परंतु येथील जिनिंग-प्रेसिंगचे काम हंगामी असल्याने बारमाही गिरणीवर बेतलेली साधने त्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. दिवाळीच्या आसपास कापूस येऊ लागला की रेचे सुरू होतात, सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि उन्हाळ्याकडे काम ओसरते. अनेक मजूर मुकादमामार्फत येतात. उचल, हजेरी, खाडा आणि पाळी यांचा व्यवहार त्याच्याशीच असतो. मालक व कामगार यांच्यातील अलिखित अपेक्षांना या शास्त्रात ‘मानसशास्त्रीय करार’ म्हणतात. येथे तो कारखान्याशी नव्हे, तर मुकादमाशी होतो, त्यामुळे कंपनीवरील निष्ठा मोजणारी प्रश्नावली अशा मजुरापुढे ठेवणे निरर्थक ठरते. रुईची तूस, रात्रपाळी आणि रेच्याजवळ सतत लागणारे अवधान यांतून येणारा थकवा व त्यातून संभवणारे अपघात हा येथील अभ्यासकाचा पहिला विषय असावा.

काम थांबल्यानंतरचे मानसशास्त्र हाही या शाखेचाच भाग आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातील कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्सायसेल यांनी तेथील बेकारीचा अभ्यास करून तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. हाताशी भरपूर वेळ असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी केले होते, पुरुषांची चाल मंदावली होती आणि दिवसाची घडीच विस्कटली होती, असे त्यांना आढळले. वेतनापलीकडे काम माणसाला वेळेची चौकट, सहवास आणि ओळख देते, हा याहोदा यांचा पुढचा सिद्धांत याच अभ्यासाशी जोडलेला आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची अचलपूर येथील फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. अशा गावात त्याच बारकाईने काम होणे अगत्याचे आहे.

नव्या नोकऱ्यांची शक्यता मुख्यतः नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत दिसते. तेथील ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती. कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यविषयक २०२० च्या संहितेने ही मर्यादा २५० वर आणली. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत मानसशास्त्राची पदवी घेता येते. त्यापुढे औद्योगिक मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण, समाजकार्य अथवा व्यवस्थापन असे मार्ग आहेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तशी अट या शाखेला नाही, म्हणून प्रशिक्षणाचा दर्जा पारखण्याची जबाबदारी नेमणूक करणाऱ्यावर येते.

अकोला व बडनेरा ही रेल्वे जंक्शने असलेल्या या भागात अनेक तरुणांची या शास्त्राशी पहिली गाठ सहायक लोको पायलटच्या अभियोग्यता चाचणीत पडते. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेच्या निकषांवर आधारलेल्या या चाचणीत प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुण लागतात. टी-गुण म्हणजे सरासरी ५० व प्रमाण विचलन १० धरून रूपांतरित केलेले गुण, अर्थात गटाच्या तुलनेत उमेदवाराचे स्थान. ज्या गटावरून तुलनेचे मानक ठरते, तो गट कोणता, हा प्रश्न म्हणूनच निर्णायक असतो. पुणे-मुंबईतील पदवीधरांवर प्रमाणित केलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीतील प्रमाण मराठी विधाने वऱ्हाडी बोलणाऱ्या कामगाराने वेगळ्या अर्थाने घेतली, तर त्याचा गुणांक त्याच्या स्वभावाऐवजी भाषेचे अंतर मोजतो. विधाने बोलीत तपासणे, दर्यापूर-अकोटसारख्या तालुक्यांतून नमुना घेणे आणि निरक्षरांसाठी तोंडी वा कृतीच्या चाचण्या बांधणे, ही कामे येथील मानसशास्त्रज्ञाच्या वाट्याची आहेत.