विंचेस्टर ते सॉल्सबरी : एका दिवसाची सहल आणि एका ओसाड टेकडीचे मत

१/
दक्षिण इंग्लंडमधील विंचेस्टर आणि सॉल्सबरी या दोन शहरांमध्ये मोटारीने जेमतेम ४० किलोमीटरांचे अंतर आहे. वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि प्रवास साधारण तासाभरात संपतो. बहुतेक पर्यटक दोन भव्य कॅथीड्रले पाहून परततात. मात्र या दोहोंच्या मध्ये एक उजाड टेकडी आहे. सहलीच्या आखणीत तिला स्थान दिले नाही, तर या रस्त्याची खरी कथा हातून निसटते.

२/
प्रारंभ विंचेस्टरपासून करावा, कारण इतिहासाचा क्रमही तोच आहे. रोमनांच्या काळात हे ‘व्हेंटा बेल्गारम’ होते. पुढे वेसेक्सच्या सॅक्सन राजांचे हे मुख्य नगर झाले. व्हायकिंग आक्रमणे थोपवणारा राजा आल्फ्रेड इ.स. ८९९ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याचे दफन याच नगरीत झाले. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरही विंचेस्टरचे महत्त्व ओसरले नाही, कारण राजाचा खजिना येथेच होता.

३/
खजिना ज्याच्या हाती, राज्य त्याच्या हाती, हे कोणत्याही सनदेपेक्षा एका घटनेने अधिक स्पष्ट होते. २ ऑगस्ट ११०० रोजी राजा दुसरा विल्यम न्यू फॉरेस्टच्या जंगलात शिकार करताना बाण लागून मेला. त्याचा धाकटा भाऊ हेन्री प्रेतापाशी थांबला नाही. त्याने तडक विंचेस्टर गाठून खजिना ताब्यात घेतला आणि तीन दिवसांत लंडनला स्वतःचा राज्याभिषेक करवून घेतला. मृत राजाचे दफन विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये झाले.

४/
हे कॅथीड्रल १०७९ मध्ये बांधावयास घेतले. जमीन दलदलीची असल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा पूर्वेकडील भाग खचू लागला. पायाखाली खणलेले खड्डे पाण्याने भरत, म्हणून विल्यम वॉकर या पाणबुड्याला पाचारण करण्यात आले. १९०६ ते १९११ या काळात तो गढूळ पाण्यात, जवळजवळ संपूर्ण अंधारात, केवळ हातांच्या स्पर्शाने काम करीत राहिला. त्याने २५ हजारांहून अधिक काँक्रीटच्या पिशव्या पायाखाली रचल्या. कादंबरीकार जेन ऑस्टेन हिची १८१७ मधील समाधीही याच छताखाली आहे.

५/
विंचेस्टर सोडण्यापूर्वी जुन्या किल्ल्याचे सभागृह, ‘ग्रेट हॉल’, पाहावे. भिंतीवर टांगलेले सुमारे साडेपाच मीटर व्यासाचे लाकडी मेज राजा आर्थरचे म्हणून प्रसिद्ध आहे. वास्तवात ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून त्यावरील रंगकाम आठव्या हेन्रीच्या काळातले आहे. दंतकथेचा उपयोग राजे कसा करून घेत, याचा तो उत्तम पुरावा होय.

६/
येथून पश्चिमेकडे निघावे. रोमनांनी विंचेस्टरहून थेट ‘सॉर्व्हिओड्युनम’पर्यंत रस्ता काढला होता, आजची मोटारवाट काहीशी उत्तरेकडून, टेस्ट नदीवरील स्टॉकब्रिज या गावातून जाते. चहापाण्यासाठी थांबण्यास हे गाव सोयीचे आहे. एका लांब रस्त्याच्या दुतर्फा वसलेले हे छोटे गाव १८३२ पर्यंत ब्रिटिश संसदेत दोन सदस्य पाठवीत असे. हा तपशील ध्यानात ठेवावा. पुढच्या मुक्कामी तो उपयोगी पडेल.

७/
आता आखणीतील महत्त्वाचा निर्णय. थेट सॉल्सबरीत शिरू नये. शहराच्या सुमारे तीन किलोमीटर उत्तरेस असलेल्या ‘ओल्ड सेरम’ या टेकडीवर प्रथम जावे. रोमनांचे सॉर्व्हिओड्युनम ते हेच. बाहेरचा प्रचंड मातीचा तट आणि खंदक लोहयुगातील आहेत. आतील उंचवट्यावर नॉर्मनांनी किल्ला उभारला. सह्याद्रीतील गड पाहिलेल्या डोळ्यांना ही रचना परकी वाटणार नाही : बाहेर विस्तीर्ण माची, मध्यभागी बालेकिल्ला.

८/
१ ऑगस्ट १०८६ रोजी विल्यम द काँकरर याने राज्यातील प्रमुख जमीनदारांना येथे बोलावून स्वतःशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावयास लावली. त्याच वर्षी त्याच्या अधिकाऱ्यांनी इंग्लंडमधील गावे, नांगर, गिरण्या आणि कुळे यांची मोजणी केली. तीच ‘डूम्सडे बुक’ होय. ती दप्तरे विंचेस्टरच्या खजिन्यात ठेवली गेली. जमिनीचा हिशेब रस्त्याच्या एका टोकाला, निष्ठेची शपथ दुसऱ्या टोकाला.

९/
टेकडीवर किल्ल्याला लागूनच कॅथीड्रलही होते. १०९२ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले आणि अवघ्या पाच दिवसांत वादळाने त्याची हानी केली. ते पुन्हा उभे राहिले, पण अडचणी संपल्या नाहीत. पाणी अपुरे, वारा असह्य, आणि एकाच तटाच्या आत राजाचे सैनिक व चर्चचे पाद्री यांचा नित्य खटका. अखेर बिशप रिचर्ड पुअर याने पोपची अनुमती मिळवली आणि २८ एप्रिल १२२० रोजी खाली नदीकाठच्या कुरणात नव्या कॅथीड्रलची पायाभरणी झाली.

१०/
धर्मपीठामागोमाग वस्तीही खाली उतरली. नव्या सॉल्सबरीचे रस्ते आखून काढलेले होते आणि त्यांतून नदीचे पाणी पाटांनी खेळवले होते. वर पाणी मिळत नाही म्हणून जे लोक निघाले, त्यांनी खाली पाणी दाराशी आणले. जुने कॅथीड्रल पाडले गेले. १३३१ मध्ये राजाने परवानगी दिल्यावर त्याचे दगड नव्या परिसराच्या कोटासाठी वापरले गेले. त्या भिंतीत आजही नॉर्मन नक्षीचे तुकडे दिसतात.

११/
टेकडी ओस पडली, पण तिचा एक हक्क खाली उतरला नाही. ओल्ड सेरमला संसदेत दोन सदस्य पाठवण्याचा अधिकार होता आणि तो तसाच राहिला. तो हक्क माणसांना नव्हे, तर विशिष्ट जमिनींना चिकटलेला होता. जमीन विकत घेणाऱ्याला जणू संसदेतील दोन जागाच मिळत. बोटांवर मोजता येतील इतके मतदार, तेही बहुधा मालकाने नेमलेले. मतदान एका झाडाखाली होई. अशा जागांना पुढे ‘कुजके मतदारसंघ’ हे नाव पडले, आणि ओल्ड सेरम हे त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण ठरले.

१२/
येथे या कथेत भारत येतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस ही मालमत्ता थॉमस पिट याने विकत घेतली. ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता झुगारून भारताशी परस्पर व्यापार करून तो श्रीमंत झाला होता. कंपनीने त्याला रोखण्याचा प्रयत्न केला आणि ते साधेना, तेव्हा १६९८ मध्ये त्यालाच मद्रासचा गव्हर्नर केले. १७०२ मध्ये दाऊद खान पन्नी याने मद्रासची कोंडी केली, तेव्हा किल्ल्यात हाच पिट होता. त्याच सुमारास इकडे महाराष्ट्रात स्वतः औरंगजेब विशाळगडाला वेढा घालून बसला होता.

१३/
मद्रासमध्येच पिटने कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला ४१० कॅरटचा कच्चा हिरा जमचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून ४८ हजार होनांना घेतला. १७१७ मध्ये तो फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला विकला गेला. आज तो ‘रीजंट’ या नावाने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ओल्ड सेरम हिऱ्याच्या आधीच हाती आले होते, म्हणून हिऱ्याने टेकडी विकत घेतली असे म्हणता येत नाही. परंतु दोन्ही सौद्यांमागे हिंदुस्थानच्या व्यापाराचाच पैसा होता.

१४/
१७३५ मध्ये थॉमसचा नातू विल्यम पिट याच ओसाड टेकडीचा प्रतिनिधी म्हणून प्रथम संसदेत गेला. सप्तवार्षिक युद्धात ब्रिटनची सूत्रे हलवणारा तो हाच. त्याचा मुलगा धाकटा पिट पंतप्रधान झाला आणि १७८४ च्या त्याच्या कायद्याने कंपनीचा भारतातील राज्यकारभार ब्रिटिश सरकारच्या देखरेखीखाली आला. याच धाकट्या पिटने १७८५ मध्ये कुजके मतदारसंघ मोडण्याचे विधेयकही आणले, पण ते फेटाळले गेले. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमसारख्या गजबजलेल्या शहरांना स्वतःचा एकही प्रतिनिधी नसताना ओल्ड सेरमचे दोन सदस्य १८३२ च्या सुधारणा कायद्यापर्यंत टिकले.

१५/
टेकडीच्या तटावरून दक्षिणेकडे पाहिले की सॉल्सबरी कॅथीड्रलचे १२३ मीटर उंच शिखर दिसते. आता खाली उतरावे. मुख्य इमारत केवळ ३८ वर्षांत, १२५८ मध्ये पूर्ण झाली. मनोरा आणि शिखर नंतर चढवले गेले. सुमारे ६ हजार ५०० टनांच्या त्या जादा भाराने आतील खांब वाकले, ते आजही डोळ्यांना जाणवते. १६६८ मध्ये क्रिस्टोफर रेन याने पाहणी केली, तेव्हा शिखर सुमारे ७५ सेंटिमीटर कललेले आढळले. येथील चॅप्टर हाउसमध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक ठेवलेली आहे.

१६/
आखणीचा सारांश : सकाळ विंचेस्टरसाठी, दुपारपूर्वी स्टॉकब्रिज, दुपारी ओल्ड सेरम, उरलेला दिवस सॉल्सबरीसाठी. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारते, म्हणून टेकडी लांबणीवर टाकू नये. दोन दिवस हाताशी असल्यास दोन्ही कॅथीड्रलांना जोडणाऱ्या ‘क्लॅरेंडन वे’ या पाऊलवाटेचा सॉल्सबरीजवळचा टप्पा चालावा. तेथील पडक्या राजवाड्यात ११६४ मध्ये दुसऱ्या हेन्रीने चर्चच्या अधिकारांना वेसण घालणारी कलमे मांडली. त्या वादाचा शेवट सहा वर्षांनी आर्चबिशप बेकेटच्या हत्येत झाला.

१७/
मॅग्ना कार्टा पाहून बाहेर आल्यावर परिसराच्या कोटापाशी थोडे थांबावे. राजालाही कायद्याचे बंधन असते असे सांगणारा कागद आत आहे आणि बाहेरच्या भिंतीत ओल्ड सेरमचे दगड आहेत. तो कागद लिहिला गेल्यानंतर ६१७ वर्षांनी त्या टेकडीच्या मतावरचा हक्क संपला.