प्रवचनाची उंबरठ्याबाहेरची वाट

मिस्सातील प्रवचन भ्रमणध्वनीवर ऐकावे की ऐकू नये, ही चर्चा आपल्या धर्मग्रामांत २०२० पासून रंगू लागली. कुणी तिला सोय म्हणतात, कुणी आळसाला मिळालेली सनद. आम्हांला मात्र एक गोष्ट खटकते : धर्मगुरूंचा शब्द चर्चच्या भिंतींबाहेर प्रथमच पडला आहे, असे गृहीत धरून दोन्ही पक्ष बोलतात. आपला इतिहास याच्या उलट आहे.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंत मुख्यतः साष्टीतच राबले. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग येतो. धर्मशिक्षणाच्या वेळी एक ब्राह्मण श्रोता उठतो आणि पाद्रीबाबांना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न मोठा रोकडा होता. रविवारी ऐकलेले प्रवचन घरी पोहोचेपर्यंत विरून जाते. सांजवेळी दिव्यापाशी बसून म्हणायला काहीतरी हवे असते. त्या मागणीतून उभे राहिलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. ते चर्चमध्ये वाचले जाई, तसेच घराघरांतही गायिले जाई.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज राजवटीने फर्मान काढून देशी भाषेवरच घाला घातला. त्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरून घेतलेल्या वह्यांमुळे. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी या वह्या सोबत नेल्या. टिपू सुलतानाच्या काळात, १७८४ नंतर, मंगळूरचे ख्रिस्ती श्रीरंगपट्टणला बंदिवासात होते. तेथेही या ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे परंपरा सांगते. मंगळूरला १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, तो हस्तलिखितांच्याच आधारे. छापील गेले आणि हातचे राहिले, हा न्याय विलक्षणच म्हणायचा!

त्यानंतर हे काम नियतकालिकांनी उचलले. १९०३ मध्ये सुरू झालेला ‘निरोप्या’ नावातच आपला हेतू सांगतो. वसईच्या ‘सुवार्ते’विषयी तर आपल्या वाचकांना काय सांगावे!

आता जरा सिद्धगडाकडे वळू. मुरबाड तालुक्यातील हा डोंगर महाराष्ट्राला माहीत आहे तो भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या २ जानेवारी १९४३ च्या हौतात्म्यामुळे. शहापूरकरांना आसनगाव, आटगाव, खर्डीची स्थानके तरी आहेत. सिद्धगडाच्या पायथ्याशी नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या कॅथलिक शिक्षकाला रविवारची मिस्सा म्हणजे दिवसभराचा प्रवास. त्याच्या घरातील अंथरुणाला खिळलेल्या आईला तर तोही शक्य नाही. या माऊलीने प्रवचन फोनवर ऐकले, तर तिला आळशी म्हणण्याचे धाडस कोण करील?

तरीही दुसरी बाजू आहेच, आणि ती हलकी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये प्रवचन हा उपासनेचाच भाग मानला. रविवारच्या सामुदायिक मिस्सात ते गंभीर कारणावाचून गाळू नये, असे सांगितले. वेदीपासून तोडलेले, दोन मिनिटांत कापलेले प्रवचन ही वेगळीच वस्तू होते. कापणारा हात कुणाचा, हेही ऐकणाऱ्याला कळत नाही. शेजारच्या बाकावरील माणसाला शांतीचे अभिवादन करणे फोनवर कसे जमावे? २०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनीच ही उणीव सोसली. त्या वर्षीचा १२ एप्रिलचा ईस्टर घरातच झाला, आणि महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली. दार उघडताच जे धावले, त्यांना दोन्हींतील फरक समजावून सांगावा लागला नाही. सशक्त माणसाने चर्चची वाट सोडू नये, असे आम्हांला स्पष्ट वाटते.

आमची खरी चिंता मात्र निराळी आहे. त्या बंद दारांच्या महिन्यांत आपल्या धर्मगुरूंनी रिकाम्या बाकांपुढे उभे राहून मराठीत जे सांगितले, ते आज कुठे आहे? कुणाच्या जुन्या फोनमध्ये असेल, तर कुणी जागा कमी पडली म्हणून केव्हाच पुसून टाकले असेल. साष्टीतील माणसांजवळ बोरू आणि वही होती. प्रत्येक धर्मग्रामातील चार तरुणांनी त्या दिवसांतली हाती लागतील तेवढी प्रवचने धर्मगुरूंच्या संमतीने ऐकून कागदावर उतरवावीत, तारीख घालावी आणि ती वही चर्चच्या दप्तरात ठेवावी.