फ्रेस्नो स्टेट बुलडॉग्ज बेसबॉल संघ, २००८
फ्रेस्नो स्टेट बुलडॉग्ज हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, फ्रेस्नो या विद्यापीठाचा बेसबॉल संघ आहे. २००८ च्या हंगामात या संघाने प्रशिक्षक माइक बेटसोल यांच्या मार्गदर्शनाखाली एनसीएए विभाग १ चे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. गटात चौथे, म्हणजे सर्वांत खालचे मानांकन असताना अजिंक्यपद मिळवणारा हा पहिला संघ होय.

नियमित हंगाम
हंगामाची सुरुवात निराशाजनक होती. पहिल्या २० सामन्यांपैकी १२ सामन्यांत संघाचा पराभव झाला. पुढे प्रमुख पिचर टॅनर शेपर्स खांद्याच्या दुखापतीमुळे संघाबाहेर गेला. तरीही संघाने वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवला.

स्पर्धेचे स्वरूप
राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ असतात. त्यांचे प्रत्येकी चार संघांचे १६ गट केले जातात व प्रत्येक गटात एक ते चार अशी मानांकने दिली जातात. दोन पराभव झालेला संघ गटातून बाद होतो. गटविजेते तीन सामन्यांच्या सुपर रीजनल फेरीत खेळतात आणि त्यांतून पुढे आलेले आठ संघ नेब्रास्कातील ओमाहा येथील कॉलेज वर्ल्ड सिरीजसाठी पात्र ठरतात. याखेरीज २००८ मध्ये देशातील आठ प्रमुख संघांना राष्ट्रीय मानांकन देण्यात आले होते.

ओमाहापर्यंतची वाटचाल
लाँग बीच येथील गट जिंकल्यानंतर बुलडॉग्जची गाठ राष्ट्रीय मानांकनात तिसऱ्या असलेल्या ॲरिझोना स्टेट संघाशी पडली. पहिला सामना गमावल्यानंतर बुलडॉग्जने पुढील दोन्ही सामने जिंकले. चौथे मानांकन असलेला संघ कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती.
तेथे त्यांनी सहाव्या मानांकित राइस संघाचा १७–५ असा पराभव केला. दुसऱ्या मानांकित नॉर्थ कॅरोलिना संघाशी तीन सामने झाले. त्यांपैकी एक गमावून दोन जिंकत बुलडॉग्ज अंतिम फेरीत दाखल झाले.

अंतिम फेरी
रोझेनब्लाट स्टेडियमवर तीन सामन्यांची अंतिम फेरी आठव्या मानांकित जॉर्जिया संघाविरुद्ध झाली. पहिला सामना जॉर्जियाने ७–६ असा जिंकला. दुसऱ्या सामन्यात ०–५ अशा पिछाडीवरून बुलडॉग्जने १९–१० असा विजय मिळवला.
२५ जून २००८ रोजी झालेला निर्णायक सामना बुलडॉग्जने ६–१ असा जिंकला. डाव्या अंगठ्याचा अस्थिबंध फाटलेला असतानाही खेळणाऱ्या स्टीव्ह डेटवायलरने दोन होम रन मारले. संघाच्या सहाही धावा त्याच्याच फटक्यांवर झाल्या. शेवटचा झेलही त्यानेच घेतला. पिचर जस्टिन विल्सनने जॉर्जियाच्या फलंदाजांना रोखून धरले. थर्ड बेसवर खेळणारा टॉमी मेंडोंका स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

महत्त्व
बुलडॉग्जने हंगामात ४७ सामने जिंकले व ३१ गमावले. त्यापूर्वी कोणत्याही राष्ट्रीय विजेत्या संघाने एका हंगामात इतके सामने गमावले नव्हते. मात्र सुपर रीजनलपासून पुढे हरल्यास बाद होण्याची वेळ पाच सामन्यांत आली आणि ते पाचही सामने संघाने जिंकले. राष्ट्रीय मानांकन असलेल्या चार संघांना त्यांनी पराभूत केले. विद्यापीठाच्या पुरुष संघाचे हे विभाग १ मधील पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद ठरले. अमेरिकेत या संघाला ‘वंडरडॉग्ज’ या टोपणनावाने ओळखले जाऊ लागले. २०१२ मध्ये स्टोनी ब्रूक संघही चौथ्या मानांकनावरून ओमाहापर्यंत पोहोचला. परंतु त्याला अजिंक्यपद मिळवता आले नाही.